कॅनडा आणि आगा खान: निर्वासितांच्या विमानांपासून ओटावातील भागीदारीपर्यंत

आगा खान हे नाव मराठी वाचकाला बहुधा पुण्यामुळे ठाऊक असते. नगर रस्त्यावरचा तो राजवाडा, १९४२ ते १९४४ या काळातली गांधीजींची स्थानबद्धता, महादेवभाई देसाई आणि कस्तुरबांच्या समाध्या. जुन्या मुंबईकरांच्या घरात मार्च १९४६ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या हिऱ्यांच्या तुलेची गोष्टही निघते. पण त्या घराण्याने उभ्या केलेल्या संस्था आज कुठे आणि काय करतात, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. आगा खान डेव्हलपमेंट नेटवर्क या नावाखाली विद्यापीठे, रुग्णालये, ग्रामीण विकासाच्या योजना, जुन्या वास्तूंचे जतन आणि उद्योग असा मोठा पसारा आहे. आशिया आणि आफ्रिका ही त्याची मुख्य कर्मभूमी. मात्र ज्या देशाशी त्याचे शैक्षणिक आणि सांस्कृतिक नाते सर्वांत खोल गेले, तो कॅनडा. हे प्रकरण त्या नात्याचे.

इस्माइली हा मुस्लिमांमधला एक लहानसा शिया पंथ, त्याचे वंशपरंपरागत इमाम म्हणजे धर्मप्रमुख असलेले आगा खान आणि पाश्चात्त्य जगातले एक लोकनियुक्त सरकार हे तिघे बरोबरीच्या नात्याने एका संस्थेत पैसे कसे घालतात? माझे मत आधीच सांगतो. पैसा कोण घालणार, मालकी कोणाची आणि कारभार कोण पाहणार, हे जिथे आधी ठरले होते तिथे ही भागीदारी भक्कम राहिली. तिला तडा गेला तो कागदाबाहेरच्या स्नेहसंबंधांमुळे.

मुंबईतून कंपालाला

या कथेचे मूळ मुंबईत आहे. पहिले आगा खान हसन अली शाह इराणमधून निघून १८४० च्या दशकात मुंबईला आले. त्यांना इमाम मानणाऱ्या इथल्या खोजा या व्यापारी समाजातल्या काहींनी त्यांचा अधिकार मानायला नकार दिला. जमातीची मालमत्ता जमातीची की इमामाची, यावरून वाद पेटला आणि तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी १८६६ मध्ये आगा खानांच्या बाजूने निकाल दिला. पुढे इस्माइली इमामत ही करार करू शकणारी, दान स्वीकारून त्याचा हिशेब ठेवणारी एक संस्था बनली, त्या घडणीत या निकालाचा वाटा मोठा आहे. धार्मिक अधिकाराला कायद्याच्या चौकटीत बसवण्याची सवय या समाजाला तेव्हापासून लागली, असे मला वाटते. पूर्व आफ्रिकेतल्या इस्माइलींसाठी १९०५ मध्येच लेखी घटना तयार झाली, आणि जमातीच्या शाळा, दवाखाने, पतसंस्था निवडलेल्या व नेमलेल्या मंडळांच्या हाती चालू लागल्या.

कच्छ-काठियावाडातून आणि मुंबईतून गेलेले हजारो खोजा झांजिबार, मोम्बासा, कंपाला इथे स्थिरावले. त्याच बोटींतून गोव्याची माणसेही गेली. युगांडाच्या सरकारी कचेऱ्यांत गोवेकर कारकून आणि अधिकारी मोठ्या संख्येने होते, आणि एन्टेबी व कंपाला इथे त्यांचे स्वतःचे क्लब होते. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा खोजा आणि गोवेकर एकाच रांगेत उभे राहिले.

१९७२

कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो आणि चौथे आगा खान शाह करीम यांची चांगली ओळख होती. आगा खानांचे काका सद्रुद्दीन आगा खान त्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्त होते. कॅनडाने कंपालाला अधिकाऱ्यांचे पथक पाठवून तिथल्या तिथे व्हिसा दिले. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चार्टर विमानांनी सुमारे साडेचार हजार लोक मॉन्ट्रियलला उतरले. पुढच्या वर्षभरात आणखी काही हजार आले. कॅनडाने युरोपबाहेरच्या निर्वासितांना इतक्या मोठ्या संख्येने आश्रय देण्याची ही पहिलीच मोठी वेळ होती. त्यांतले बरेच जण इस्माइली होते, आणि गोव्याची कुटुंबेही होती. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठाने या स्थलांतराची कागदपत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि लोकांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी जमवून त्यांचा स्वतंत्र संग्रह केला आहे. गोव्यातल्या कोणाचे काका-मामा त्या विमानांत असतील, तर त्यांनी तो संग्रह जरूर चाळावा.

आलेली माणसे रिकाम्या हाताची होती, पण शिकलेली होती, धंदा जाणणारी होती आणि जमातीच्या मंडळांची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यामुळे व्हँकुव्हर, कॅल्गरी, एडमंटन, टोरंटो या शहरांत काही वर्षांतच जमातखाने, म्हणजे प्रार्थनेसाठी आणि जमातीच्या कामांसाठीच्या वास्तू, उभे राहिले. व्हँकुव्हरजवळच्या बर्नबी इथले इस्माइली केंद्र १९८५ मध्ये खुले झाले.

मदतीचा प्रवाह उलटा फिरतो

हे लोक येऊन १० वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, १९८० मध्ये आगा खान फाउंडेशन कॅनडा स्थापन झाली. तिच्यापुढे आलेल्यांना मदत करण्याचे काम नव्हते. कॅनडातला पैसा, ज्ञान आणि स्वयंसेवकांचा वेळ आशिया-आफ्रिकेतल्या कामांपर्यंत पोचवायचा, हे तिचे काम. कॅनडा सरकारची तेव्हाची परदेशी मदत संस्था आणि ही फाउंडेशन मिळून प्रकल्पांना पैसे देऊ लागल्या. उत्तर पाकिस्तानातल्या डोंगराळ भागातल्या ग्रामविकास कार्यक्रमाला अशी मदत पोचली. व्हँकुव्हरमधल्या काही इस्माइली बायकांनी १९८५ मध्ये निधीसाठी एक पदयात्रा काढली. पुढे ती अनेक शहरांत दरवर्षी निघू लागली आणि तिच्यात शेजारी, सहकारी, शाळेतली मुले असे इतर धर्मांचे लोकही चालू लागले.

मला या टप्प्याचे महत्त्व फार वाटते. सरकारला समोर एक असा समाज दिसला जो घेतो तसा देतोही, आणि दिलेल्याचा हिशेब दाखवतो. पुढच्या सगळ्या करारांची पत इथे तयार झाली.

कराचीच्या परिचारिका

शैक्षणिक भागीदारीचे सर्वांत चांगले उदाहरण मी परिचारिका शिक्षणाचे मानतो. त्यात इमारत नाही, उद्घाटन नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. कराचीत आगा खान परिचारिका विद्यालय १९८० मध्ये सुरू झाले आणि १९८३ मध्ये आगा खान विद्यापीठाला सनद मिळाली. पाकिस्तानात परिचारिकेच्या पेशाला तेव्हा मान नव्हता. चांगल्या घरच्या मुलीने नर्स होऊ नये, ही समजूत आपल्याकडेही त्या काळी होतीच. पदविकेपलीकडे शिकण्याची वाटही नव्हती.

हॅमिल्टन शहरातले मॅकमास्टर विद्यापीठ तेव्हा वैद्यकीय शिक्षणातल्या नव्या पद्धतीसाठी ओळखले जात होते. विद्यार्थ्यांच्या लहान गटापुढे खऱ्या रुग्णाचा प्रश्न ठेवायचा आणि त्यांनी तो सोडवता सोडवता शिकायचे, ही ती पद्धत. मॅकमास्टरचे प्राध्यापक कराचीत गेले, कराचीच्या शिक्षिका हॅमिल्टनला शिकून परतल्या, आणि खर्चाचा मोठा भाग कॅनडा सरकारच्या मदत संस्थेने उचलला. पाकिस्तानातला परिचारिकांसाठीचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९८८ मध्ये याच विद्यालयात सुरू झाला. नंतर पदव्युत्तर शिक्षणही आले, आणि त्याच विद्यापीठाने पूर्व आफ्रिकेत परिचारिकांचे शिक्षण उभे केले. इथे शिकून गेलेल्या बायका पुढे प्राचार्या झाल्या, धोरण ठरवणाऱ्या समित्यांवर बसल्या.

या व्यवस्थेत तिघांचे काम वेगळे होते. सरकार पैसा देते, विद्यापीठ ज्ञान देते, आणि नेटवर्क तिथल्या मातीत कायम राहणारी संस्था देते. आपल्याकडच्या परदेशी विद्यापीठांबरोबरच्या किती सामंजस्य करारांत हा तिसरा घटक असतो? फोटो निघतो, फाइल बंद होते. तिथे मागे एक चालते विद्यालय राहिले.

ससेक्स ड्राइव्ह, क्रमांक ३३०

आता या प्रकरणाचा गाभा. ओटावात नदीकाठी ससेक्स ड्राइव्हवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली एक दगडी इमारत आहे. राष्ट्राचे अभिलेखागार तिथे होते, नंतर युद्धसंग्रहालय आले. ते २००५ मध्ये नव्या वास्तूत गेले आणि इमारत रिकामी झाली.

ऑक्टोबर २००६ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने आणि आगा खानांनी एका करारावर सह्या केल्या. भिन्न वंश, धर्म आणि भाषांचे लोक एका राज्यात नीट कसे राहू शकतात, याचा अभ्यास करणारे ग्लोबल सेंटर फॉर प्लुरलिझम स्थापन करायचे ठरले. कॅनडा सरकारने कायम निधीसाठी ३ कोटी डॉलर दिले, आगा खानांनी १ कोटी. जुनी सरकारी इमारत केंद्राला दीर्घ भाडेपट्ट्याने मिळाली आणि तिच्या दुरुस्तीचा भार आगा खानांनी उचलला. ते काम अनेक वर्षे चालले आणि मे २०१७ मध्ये इमारत खुली झाली.

रकमेपेक्षा कारभाराची रचना मला जास्त महत्त्वाची वाटते. केंद्र सरकारी खाते नाही आणि नेटवर्कची शाखाही नाही. ते स्वतंत्र विश्वस्त मंडळाच्या हाती आहे. कोफी अन्नान आणि कॅनडाच्या माजी गव्हर्नर जनरल एड्रिअन क्लार्कसन यांच्यासारखी माणसे त्या मंडळावर बसली. पहिले महासचिव जॉन मॅकनी हे कॅनडाच्या परराष्ट्र सेवेतले अनुभवी राजदूत. निधी एकदा कायमचा ठेवलेला असल्यामुळे दर अर्थसंकल्पात हात पसरावा लागत नाही. निवडणुकीत सरकार बदलले म्हणून काम थांबत नाही, आणि प्रत्यक्षात ते बदललेही. हुजूर पक्षाच्या सरकारने केलेला करार उदारमतवादी पक्षाच्या सरकारच्या काळात सुरू राहिला, आणि त्याची पूर्वतयारी त्याच उदारमतवादी पक्षाच्या आधीच्या सरकारांनी केली होती. केंद्र २०१७ पासून जगभरातल्या व्यक्ती आणि संस्थांना पुरस्कारही देते.

टीका करायला जागा आहे. अशा केंद्रांचे काम अहवाल, परिषदा आणि पुरस्कार यांत अडकण्याचा धोका असतो. शिवाय कॅनडाने स्वतःच्या मूलनिवासी मुलांना निवासी शाळांत कोंडून त्यांची भाषा आणि कुटुंब हिरावून घेतले, त्याचा तपशील सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये सविस्तर मांडला. तो देश जगाला सहजीवनाचा आदर्श म्हणून कसा दाखवायचा? या प्रश्नाला बगल देणारे कोणतेही केंद्र पोकळ ठरेल, असे मी ठामपणे म्हणेन. कॅनडाचा अनुभव अपूर्ण आणि जखमांसकट मांडला, तरच तो केनियाच्या किंवा श्रीलंकेच्या माणसाच्या उपयोगाचा आहे.

विनफर्ड ड्राइव्ह, टोरंटो

टोरंटोच्या आगा खान संग्रहालयाचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे पैसा जवळजवळ पूर्णपणे आगा खानांकडचा. आधी हे संग्रहालय लंडनला करायचे मनात होते. थेम्सकाठची हवी ती जागा मिळाली नाही, आणि शेवटी टोरंटोची निवड झाली. डॉन व्हॅली पार्कवे या धावत्या महामार्गाच्या कडेला, सुमारे १७ एकरांच्या जागेवर तीन गोष्टी एकत्र उभ्या राहिल्या: आगा खान संग्रहालय, इस्माइली केंद्र आणि दोघांच्या मधली बाग. मे २०१० मध्ये पायाभरणी झाली. त्याच दिवशी आगा खानांना कॅनडाचे सन्माननीय नागरिकत्व देण्यात आले. सप्टेंबर २०१४ मध्ये संग्रहालय आणि इस्माइली केंद्र खुले झाले, आणि २०१५ मध्ये बाग.

संग्रहालय जपानी वास्तुरचनाकार फुमिहिको माकी यांचे, बाग लेबनॉनच्या व्लादिमिर जुरोविच यांची, आणि इस्माइली केंद्र आपल्या चार्ल्स कोरिया यांचे. मूळचे गोवेकर कुटुंब, कर्मभूमी मुंबई. पणजीची कला अकादमी आणि मुंबईतली कांचनजंगा ज्यांची, तेच हे. भोपाळच्या विधान भवनासाठी त्यांना १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला होता. टोरंटोत त्यांनी प्रार्थनागृहावर काचेचे उंच, कोनदार छत उभारले. रात्री ते आतून उजळते. माकींची पांढऱ्या ग्रॅनाइटची बंद, शांत पेटी आणि समोर कोरियांचे पारदर्शक छत, या जोडीत दोन स्वभावांचा संवाद आहे. कोरियांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी हे एक. जून २०१५ मध्ये ते गेले.

ही जागा मोकळी नव्हती, हे सांगितले पाहिजे. तिथे बाटा कंपनीचे मुख्यालय होते, १९६० च्या दशकातली आधुनिक शैलीतली एक नावाजलेली इमारत. ती २००७ मध्ये पाडली, तेव्हा टोरंटोतल्या वारसाप्रेमींनी विरोध केला होता. दिल्लीत हुमायूनच्या कबरीचे जतन ज्या नेटवर्कने इतक्या निगुतीने केले, त्याच नेटवर्कने इथे ४०-५० वर्षांची चांगली वास्तू जाऊ दिली. नवे जे आले ते अधिक मोलाचे आहे असे मला वाटते, तरी त्या विरोधकांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

संग्रह हजाराहून अधिक वस्तूंचा. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथाचे अकराव्या शतकातले हस्तलिखित आणि शाह तहमास्पच्या शाहनाम्यातली चित्रपाने ही त्यातली रत्ने. बराचसा भाग सद्रुद्दीन आगा खान आणि त्यांच्या पत्नी यांनी जमवलेला. रॉयल ओंटारियो म्युझियम आणि टोरंटो विद्यापीठ हे शेजारी सहकारी झाले. सीरियातले युद्ध ऐन भरात असताना, २०१६-१७ मध्ये, संग्रहालयाने त्या देशाच्या ५ हजार वर्षांच्या कलेचे प्रदर्शन भरवले. कॅनडाने नुकतेच २५ हजारांहून अधिक सीरियन निर्वासित घेतले होते. त्या मुलांच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या कॅनडाच्या मुलांना सीरिया म्हणजे बातम्यांतला ढिगारा एवढेच माहीत होते. शाळांच्या सहली तिथे जातात, तेव्हा हे काम होते, आणि कोणत्याही सरकारी पत्रकाने ते झाले नसते.

एक अडचणीचा प्रश्न उरतो. कॅनडातले बहुसंख्य मुस्लिम सुन्नी आहेत. इस्माइली संख्येने थोडे, आणि काही कर्मठ मंडळी त्यांना मुस्लिम मानायलाही तयार नसतात. मग मुस्लिम संस्कृतीची ओळख करून देण्याचा अधिकार यांना कोणी दिला? संग्रहालयाने धर्ममतावर भाष्य न करता कलावस्तूंवर भर दिला, ती वस्तू कोणत्या पंथाच्या आश्रयाने घडली याला मर्यादित महत्त्व दिले, आणि जागा सर्वांसाठी खुली ठेवली. मला हा मार्ग योग्य वाटतो. नमाजाची जागा वेगळी, कोरियांच्या छताखाली. प्रदर्शनाची जागा वेगळी.

एडमंटनची बाग

अल्बर्टा विद्यापीठ आणि नेटवर्क यांचे संबंध आधीपासून होते. त्यातून एडमंटनजवळच्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात मुघल धर्तीची बाग करायचे ठरले. आगा खानांची देणगी अडीच कोटी डॉलरची, जमीन आणि देखभाल विद्यापीठाची. अमेरिकेतल्या नेल्सन बर्ड वोल्ट्झ या संस्थेने आराखडा केला आणि १२ एकरांची ही बाग ऑक्टोबर २०१८ मध्ये औपचारिकपणे खुली झाली. हिवाळ्यात उणे ३० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत चारबाग, म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली बाग, फुलवायचा, तर काश्मीरची झाडे चालणार नव्हती. मग त्या थंडीत तगणारे गुलाब, तिथलेच बर्च आणि फळझाडे लावली, पाण्याचे पाट हिवाळा धरून आखले. इस्लामी बागेचा नमुना इतक्या उत्तरेला दुसरीकडे नाही. विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र आणि इतिहास एकाच वाटेवर शिकता येतो.

बहामाची सुट्टी

पिएर ट्रूडोंच्या अंत्ययात्रेत, २००० साली, आगा खान मानकऱ्यांपैकी एक होते. मैत्री खरी होती आणि जुनी होती. त्याच मैत्रीच्या आधाराने पुत्र जस्टिन ट्रूडो पंतप्रधान असताना, २०१६ च्या नाताळात, सहकुटुंब आगा खानांच्या बहामामधल्या खासगी बेटावर गेले. नैतिकता आयुक्त मेरी डॉसन यांनी चौकशी केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये अहवाल दिला. त्या काळात नेटवर्कचे सरकारशी अधिकृत व्यवहार चालू होते, त्यामुळे हा पाहुणचार स्वीकारून पंतप्रधानांनी हितसंबंधांच्या कायद्याचा भंग केला, असा निष्कर्ष निघाला. पदावरच्या पंतप्रधानावर असा ठपका पहिल्यांदाच बसला. ट्रूडोंनी माफी मागितली.

कायद्याचा भंग ट्रूडोंचा होता, आगा खानांचा नव्हता. तरी नुकसान भागीदारीचे झाले. तीन दशके नेटाने कमावलेली पत काही महिने एका बेटाच्या बातम्यांत बुडाली. मॅकमास्टरच्या प्राध्यापिका, कराचीच्या शिक्षिका, पदयात्रेत चालणारी माणसे यांचा त्या सुट्टीशी काडीचा संबंध नव्हता. ओटावातले केंद्र मात्र टिकले, कारण त्याचा निधी आणि मंडळ कोणाच्या मैत्रीवर उभे नव्हते. चौकशीचा अहवाल जाहीर झाला, तोही त्याच देशातल्या स्वतंत्र यंत्रणेकडून. नेटवर्कने तिथे मुळे रोवली, त्याचे एक कारण अशा यंत्रणा हेच असावे.

करीम यांच्यानंतर

शाह करीम ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बनमध्ये निवर्तले. साडेसहा दशकांहून अधिक काळ ते इमाम होते आणि कॅनडातली बहुतेक भागीदारी त्यांच्या वैयक्तिक प्रतिष्ठेतून सुरू झाली. पुत्र रहीम हे पाचवे आगा खान झाले. पिएर ट्रूडोंच्या पिढीतले कोणी आता कॅनडाच्या राजकारणात नाही, आणि निर्वासित म्हणून आलेल्यांची नातवंडे युगांडाचे नाव फक्त घरात ऐकतात. अल्बर्टाची बाग विद्यापीठाच्या मालकीची आहे, ओटावाच्या केंद्राला कायम निधी आहे, कराचीच्या विद्यालयाला स्वतःची प्राध्यापक मंडळी आहे. टोरंटोच्या संग्रहालयाचे तसे नाही. बांधकाम एका दात्याचे, आणि वर्षानुवर्षांच्या खर्चासाठी त्याला शहरातले सदस्य, तिकिटे आणि इतर देणगीदार मोठ्या प्रमाणात जोडून घ्यावे लागणार. नव्या इमामांच्या काळात सर्वांत आधी लक्ष ठेवावे ते तिथे.